वत्सलाबाईचं बोट

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. हे ज्यानं कुणी ठरवलं, त्याच्या भिंतीला भिंत लावून वत्सलाबाई राहत नसणार. माझ्या भिंतीला लागून ती राहायची, मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ती गेली तोपर्यंत. म्हणून मी बोलणार आहे. ज्याला ऐकवत नसेल त्यानं कानात बोटं घालावीत.

माझं नाव सत्यशीला. नांदूरघाटाजवळच्या एका गावात माझी पिठाची गिरणी आहे. आमचं निम्मं गाव दिवाळी झाली की ऊस तोडायला कारखान्याला जातं आणि पाडव्याच्या आसपास परत येतं. मधल्या काळात गावात उरतात ती म्हातारी माणसं, शाळेची पोरं, कुत्री आणि ज्यांच्या विहिरीला पाणी आहे अशी थोडी घरं. मी जात नाही, कारण गिरणी आहे. वत्सलाबाई जात नव्हती, कारण तिला गावातच काम होतं. तिचं काम म्हणजे नरक.

तिच्याकडं काच बसवलेला एक चित्रांचा तक्ता होता. करणी-भरणीचा तक्ता म्हणतात तो. पूर्वी यात्रेत देवादिकांच्या फोटोंबरोबर मिळायचा. वर मधोमध झुपकेदार मिशांचे यमराज, शेजारी रेडा, रेड्याच्या पलीकडं वही उघडून बसलेला चित्रगुप्त. आणि खाली नुसत्या चौकटीच चौकटी. प्रत्येक चौकटीत एक पाप, त्याची शिक्षा, आणि तळाला बारीक अक्षरात खुलासा. चोराचे हात करवतीनं कापताहेत. खोटं बोलणाऱ्याची जीभ चिमट्यानं ओढताहेत, ओढून ओढून ती चऱ्हाटाएवढी लांब झालेली. परपुरुषाकडं बघणारी तापलेल्या खांबाला मिठी मारून उभी. सासू-सासऱ्याला उपाशी ठेवणारी उलटी टांगलेली, आणि तिच्या डोक्याखाली, हात पुरणार नाही एवढ्या अंतरावर, भरलेलं ताट. राक्षस सगळे काळेभोर, शिंगवाले, आणि झाडून सगळ्यांच्या अंगात पट्ट्यापट्ट्यांची चड्डी. पाप्यांमध्ये बायाच जास्त. बाई नरकात आली की पहिल्यांदा तिचं लुगडं काढून घेतात, असं त्या चित्रकाराला कुणीतरी सांगितलेलं दिसतंय. पुरुष मात्र धोतर-टोपीसकट उकळत होते. आमच्या गावातले पुरुष हा तक्ता फार भक्तिभावानं बघायचे.

तो आणला होता वत्सलाबाईच्या नवऱ्यानं, धर्मराजानं. आणला बायकोसाठी आणि लावला चुलीच्या वर. तिनं उलटून बोलावं की त्यानं नुसतं तक्त्याकडं बघावं, असा त्या घरचा संसार. त्याच्याही आधी सासूनं तिला छळलं होतं. लवकर पोर होईना म्हणून गोठ्यात निजवायची, असं जुन्या बाया सांगतात. मुलगा झाला, परमेश्वर, तेव्हा कुठं तिचं अंथरूण घरात आलं. खोटं कशाला बोलू, तिच्या वाट्याला आलं ते माझ्या वाट्याला आलं असतं तर मीही कुणाला ना कुणाला चावले असते. तिच्या बाजूनं बोलण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे आणि ते मी बोलून टाकलं.

धर्मराज गेला. आमच्याकडं माणूस ज्या जागी जातो तिथं तेराव्यापर्यंत दिवा लावून ठेवतात. वत्सलाबाईनं चुलीवरचा तक्ता काढून त्या दिव्यासमोर टांगला. कशासाठी ते तिलाच माहीत. बहुतेक नवऱ्यालाही एकदा नीट बघू द्यावा म्हणून. भेटायला आलेल्या बाया रडायचं सोडून तक्ताच बघत बसल्या. पुढं दुसऱ्या एका घरात कुणी गेलं तेव्हा तिथल्या म्हातारीनं तो मागवला. वत्सलाबाई स्वतः घेऊन गेली. तिथं तिला आधी चहा मिळाला, बसायला सतरंजी मिळाली, आणि जन्मात पहिल्यांदा ती बोलत असताना घरभर बाया गप्प बसून राहिल्या. ही चव एकदा लागली की सुटत नाही.

मग तो गावचा रिवाजच झाला. तिसऱ्या दिवशी राख सावडून पुरुष माघारी आले की वत्सलाबाई तक्ता काखेत मारून निघायची. दिव्यासमोर टांगायची. काच पदरानं पुसायची. गेलेला माणूस कुठल्या वाटेनं चाललाय, वैतरणीपाशी कसा अडलाय, यमाचे दूत त्याला काय काय विचारताहेत, हे सगळं ती काल तिकडंच जाऊन आल्यासारखी सांगायची. आणि शेवटी बोट ठेवायची. उजव्या हाताचं पहिलं बोट. कडबा कापायच्या यंत्रात सापडून त्याचं नख गेलं होतं, टोक पांढरं आणि बोथट होतं. ते बोट चौकटींवरून हिंडायचं आणि बाया श्वास धरून बसायच्या. मेलेल्याला ती बहुधा सोडून द्यायची, कारण चहा त्याच्याच घरचा असायचा. बोट थांबायचं जिवंत माणसासाठी. सुनेसाठी, धाकट्या जावेसाठी, माहेरी येऊन राहिलेल्या लेकीसाठी. नाव घ्यायची नाही. चौकटीवर बोट आणि त्या बाईवर नजर, बस्स. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे मी पुष्कळ बघितले. हिला लोणीसुद्धा नको होतं, हिला माणसं घाबरलेली बघायची होती.

माझ्यावरही ठेवलं तिनं. माझे सासरे वारले तेव्हा ते बोट मापात खोट करणाऱ्यावर जाऊन बसलं. कढईत उकळणारा एक ढेरपोट्या दुकानदार होता तो. आता गिरणीत थोडं पीठ पाट्यांत बसतं, थोडं उडतं, हे दळण आणणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण पुढं कितीतरी दिवस बाया डबा देताना हातानं तोलायच्या आणि नेताना परत तोलायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती आजतागायत उतरलेली नाही.

पण माझं जाऊ द्या. मी दळण आणि भांडण दोन्ही जाणते. सगळ्यात वाईट तिनं केलं ते सुकन्याचं.

सुकन्या म्हणजे मागच्या गल्लीतल्या हनुमानची बायको. दोघं दरवर्षी कारखान्याला जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता, असंच धरतात आमच्याकडं. लहानगी मुलगी बरोबर न्यायची आणि हनुमानची आई केशरबाई घरी राहायची. केशरबाई माझ्याकडं दळायला यायची, बोलायला यायची, आणि वीज नसली तरी यायची. दोन वर्षांमागच्या थंडीत एका सकाळी ती अंथरुणातून उठलीच नाही. आदल्या संध्याकाळी माझ्याच घरून वाटीभर पिठलं घेऊन गेली होती. आम्ही दार उघडून आत गेलो तेव्हा ती वाटी घासून, पालथी घालून ठेवलेली होती. खाऊन, भांडं घासून, झोपेत गेली. असं मरण नवस करूनही मिळत नाही.

पोरं जीप करून संध्याकाळपर्यंत पोचली. अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी तक्ता आला.

सुकन्या दिव्यापाशी बसली होती, मुलगी मांडीवर. वत्सलाबाईनं काच पुसली, वैतरणी सांगितली, आणि बोट हिंडत हिंडत उलट्या टांगलेल्या बाईवर येऊन थांबलं.

"म्हातारीच्या तोंडात पानी घालाया कुनी नव्हतं," ती म्हणाली. "लई येळ जीव अडकून राह्यला असंल. भाकर भाकर केली असंल. आन् घरचे कोयता घिऊन लोकाच्या उसात गेलते."

मला राहवलं नाही. "आदल्या सांजंला माज्या घरचं पिठलं खाल्लंय केशरबाईनं. उपाशी कावून म्हनताव तिला? मी सोता दिलंय."

"तू दळन दळ, सत्यशीले," वत्सलाबाई माझ्याकडं न बघता म्हणाली. "हितं तुजं काम न्हाई."

बाया हसल्या. आधी हसली ती छबुबाई. कुणाच्याही दुखवट्यात चहाच्या पहिल्या कपाला हजर असणारी आणि शेवटच्या कपापर्यंत न उठणारी ती छबुबाई.

सुकन्या हसली नाही. ती त्या चौकटीतल्या राक्षसाकडं बघत होती. टांगलेल्या बाईशेजारी तो पहाऱ्याला उभा होता. चित्रकारानं त्याच्या हातात तलवारच काढायला घेतली असेल, पण पात्याला बाक असा आला होता की आमच्या गावच्या माणसाला ते दुसरं काही वाटणंच शक्य नव्हतं.

"कोयता हाय त्याच्या हातात," सुकन्या हळूच म्हणाली. "माजाच हाय."

तेरावं झालं आणि हनुमान माघारी गेला. सुकन्या गेली नाही. कोयत्याला हात लावणार नाही म्हणाली. दिवसातून एकदा जेवायला लागली, तेही कसं, तर पहिली भाकरी सासूच्या नावानं उंबऱ्याबाहेर ठेवायची. ती कुत्रं न्यायचं. मग दुसरी ठेवायची. उरलं तर मुलीला, त्यातून उरलं तर तिला. तिची गालफडं बसली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी समजावलं, ओरडले, माझ्या घरी बसवून जेवायला वाढलं. ताट समोर आलं की ती त्याच्याकडं बघत राहायची आणि मग म्हणायची, "काकू, पोट भरलंय."

एक दिवस तिची मुलगी माझ्या गिरणीच्या पायरीवर येऊन बसली आणि अगदी ऐटीत म्हणाली, "आजी, मला काम हाय एक. आईला उलटं टांगतेन तवा म्या ताट सरकवायचंय. जवळ सरकवायचं, मंग आईचा हात पुरतोय."

मी गिरणी बंद केली आणि तडक शेजारी गेले. वत्सलाबाई अंगणात उन्हाला बसून शेंगा फोडत होती.

"ती पोरगी मरायली," मी म्हणाले. "तुमी उठा, तिच्या घरी जावा आन् सांगा, चुकलं म्हनून."

"मी कुनाचं नाव घेतलं का? चित्र हाय ते. ज्याचं त्याला कळतंय."

"मंग तुमचा परमेश्वर आन् सून रोहिणी कुटं हायत आता? तुमाला हितं टाकून तीबी कारखान्यालाच गेलीत न्हवं? त्यांच्यावर कावून ठिवत न्हाई बोट?"

तिनं एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले, टरफलं नीट बाजूला सारली.

"मी जिती हाय अजून," ती म्हणाली. "मी मेल्यावर बघू."

त्या दिवसापासून मी तिच्या मरणाची वाट बघायला लागले. देवापुढं हात जोडून मागितलं नाही, एवढंच. मला बाकी काही नको होतं. सुकन्यानं पोटभर जेवावं आणि पुढच्या दिवाळीनंतर नवऱ्याशेजारी ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसावं. तिचं घर त्या कोयत्यावर चालत होतं आणि तिचा जीवही त्याच्यावरच टिकणार होता. आड होतं ते एक बिननखाचं बोट.

पाडवा झाला, पावसाळा गेला, दिवाळी आली. हनुमान बायकोला विनवून थकला, मग ओरडला, मग एकटाच गेला. अर्ध्या कोयत्याला टोळीत कोण घेतं? त्याला मोळ्या वाहायच्या कामाला लावलं. परमेश्वर आणि रोहिणीही गेली. आणि गाव रिकामं झाल्यावर महिनाभरात वत्सलाबाईनं अंथरूण धरलं.

पोटात काहीतरी वाढलं होतं. परमेश्वर येऊन तिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि आता घरीच ठेवा म्हणाले. त्यानं घरी ठेवली आणि तो परत ऊस तोडायला गेला; टोळी थोडीच थांबणार होती. मग तिचं कुणी करायचं? सुकन्या करायला लागली. कुणी बोलावलं नव्हतं. माया नव्हती ती, भीती होती, हे मला पक्कं माहीत आहे. एका म्हातारीला पाणी पाजायचं राहून गेलं, निदान दुसरीला पाजून शिक्षा थोडी हलकी होते का, असा तिचा बिचारीचा हिशोब असणार.

मी भिंतीच्या अलीकडून ऐकत असायची. आधी वत्सलाबाईचा आवाज चांगला खणखणीत होता. पेज पातळ झाली, पेज घट्ट झाली, पांघरूण असं नको, तसं घाल. पुढं आवाज बारीक झाला. तक्ता तिच्या समोरच्याच भिंतीवर होता, आणि उताणं पडून तिला दुसरं काही दिसत नव्हतं. रात्रंदिवस यम आणि ती, ती आणि यम. मला बरं वाटत होतं. चांगलं बघ म्हणावं, गावाला दाखवलंस ते आता तू बघ.

एका दुपारी मी ताकाचा तांब्या घेऊन गेले. ताक निमित्त होतं, अवस्था बघायची होती. दारातच थांबले. वत्सलाबाईनं सुकन्याचं मनगट धरलं होतं आणि तिचे डोळे तक्त्यावर होते.

"बघ पोरी. नीट बघ. मी कुटं हाय त्याच्यात?"

"मावशी, पेज घ्या आदी."

"आदी बघ. सासूला मी पानी दिलं न्हवतं. मरताना मागत हुती. मी दारातच हुते, आयकून न आयकल्यावानी केलं. गोठ्यात निजवायची मला. म्हनलं, माग आता." तिला धाप लागली. "ती उलटी टांगलेली. ती मीच का?"

मी त्या चौकटीकडं बघितलं. तिथली काच बोट लागून लागून इतकी गुळगुळीत झाली होती की बाकीच्या तक्त्यापेक्षा ती वेगळीच चमकत होती. म्हणजे बाई स्वतःच्या वाटणीचा नरक गावभर वाटत फिरत होती. तो संपावा म्हणून का होईना, घरोघर थोडा थोडा देऊन येत होती. त्यातला मोठा तुकडा सुकन्याच्या पदरात पडला होता.

सुकन्या उठली. आता ही तक्ता काढून आपटणार, असं मला वाटलं. मी असते तर आपटला असता. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि वरपासून खालपर्यंत एकेक चौकट बघत गेली. हात मागं धरलेले, काचेला बोटसुद्धा न लावता. मग येऊन परत उशाशी बसली.

"तुमचं चित्रच न्हाई त्याच्यात, मावशी."

"नीट बघितलंस?"

"समदं बघितलं. तुमी न्हाईत."

वत्सलाबाईनं डोळे मिटले आणि तोंड उघडलं. सुकन्यानं पेज पाजली.

मी ताकाचा तांब्या तसाच घेऊन घरी आले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या बाईनं हिच्या तोंडचा घास काढला, मुलीला असलं काम लावलं, तिला ही पोरगी एका वाक्यात मोकळी करते! माझं ताक मी कुत्र्याला घातलं.

शिवरात्रीच्या आधी वत्सलाबाई गेली. परमेश्वर आणि रोहिणी तिकडं उसाच्या फडात उभे राहून मोबाईलवर बघत होते. सुकन्यानं एका हातात फोन धरला होता आणि दुसऱ्या हातानं चमच्यानं पाणी घातलं. शेवटचं पाणी घशाखाली उतरलं, हे मी स्वतः बघितलं.

तिसऱ्या दिवशी घर बायांनी भरून गेलं. एवढ्या बाया कुणाच्याच मरणाला जमल्या नव्हत्या. दिवा लावलेला होता, आणि तक्ता आणायची गरजच नव्हती, तो समोर होताच. रोहिणी दिव्यापाशी बसली होती. डोकं वर करत नव्हती. आपण काय केलंय आणि आपली चौकट कुठली, हे तिला पाठ होतं. सासूनंच तर गावाला शिकवलं होतं. चहा झाला तरी कुणी उठेना.

"आज कोन सांगनार?" छबुबाई म्हणाली.

"कुनी न्हाई," सुकन्या म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदाच ती मान वर करून बोलत होती. "तक्ता खाली काडा. जाळा न्हाईतर नदीला सोडा. मावशीला मी सांगितलंय, तुमचं चित्र न्हाई त्याच्यात म्हनून. शांत गेली ती. आता झालं."

मी उठले. बायांना वाटलं, मी तक्ता काढायला उठले. मलाही आधी तसंच वाटलं. खिळा माझ्या हाताच्या अंतरावर होता, एक हिसका दिला असता तर काम झालं असतं. पण समोर ती सगळी चित्रं आली, कढईतला ढेरपोट्या दुकानदार आला, 'तू दळन दळ' आलं, आणि हात खिळ्यापर्यंत गेलाच नाही.

"चित्र हाय तिचं," मी म्हणाले आणि काचेवर बोट ठेवलं. जीभ ओढताहेत त्या चौकटीवर. "हितं. लोकाच्या घरात जिभेनं आग लावत फिरली. आता बघा, ती जीभ कशी वढायलेत."

दळण अर्धं टाकून आले होते. बोटाला ज्वारीचं पीठ होतं, ते काचेवर उमटलं. कुणी हसलं नाही, कुणी तू दळण दळ म्हणालं नाही. सगळ्या बाया माझ्या बोटाकडं बघत होत्या. गिरणीच्या खडखडाटात मी आयुष्यभर घसा फोडून बोलले, त्यातलं निम्मंसुद्धा कधी कुणी ऐकलं नव्हतं. आणि आता मी हळू बोलत होते तरी मागच्या बाया पुढं सरकत होत्या. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, पोटात गार पडल्यासारखं.

मग छबुबाईनं रोहिणीकडं हनुवटी उडवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "आन् हिचं?"

रोहिणीनं मान वर केली. ती तक्त्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. माझं बोट अजून काचेवरच होतं, आणि उलटी टांगलेली बाई तिथून फार लांब नव्हती. हिचं काहीच नाही, कुणाचंच काही नाही, उठा आणि घरी जा, असं म्हणायला हवं होतं. मला ते सुचलंही होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"बघू," मी म्हणाले.

सुकन्यानं मुलीला उचललं आणि ती बाहेर गेली. ती जाताना मुलगी खांद्यावरून मागं बघत होती.

तक्ता नदीला गेला नाही. तेराव्यानंतर रोहिणी त्या खोलीत पाऊल ठेवेना, आणि परमेश्वराला आईची वस्तू जाळवेना. "काकू, तुमीच ठिवा," म्हणून तो माझ्याकडं देऊन गेला. मी तो गिरणीत पोत्यांच्या मागं, तोंड भिंतीकडं करून ठेवला. उन्हाळ्यात वरच्या आळीत एक म्हातारा गेला. तिसऱ्या दिवशी त्यांची सून दारात उभी. "चला, काकू. तक्ता घिऊन बोलावलंय. चहा ठिवलाय तुमच्यासाठी." गिरणी चालू आहे म्हणून मी त्या वेळी नाही म्हणाले.

सुकन्या माझ्याकडं यायची बंद झाली होती. दळायला नांदूरघाटाला जायची. यंदा दिवाळी झाल्यावर, टोळ्या निघायच्या आदल्या दिवशी, ती डोक्यावर बाजरीचं गाठोडं घेऊन अचानक आली. मी बघतच राहिले. गाल भरले होते, हातात बांगड्या घट्ट बसल्या होत्या. काखेत नव्या मुठीचा कोयता होता, लोहाराकडून आणलेला.

"उद्या निगायलाव, काकू," ती म्हणाली. "उसाच्या फडावर, कोपीत पोचल्या पोचल्या पीठ लागतंय."

मी दळायला घेतलं. गिरणी थांबली तसं मी विचारलं, "भ्या गेलं का गं?"

"गेलं की. त्याच दिशी गेलं." ती गाठोड्याचं फडकं झटकत होती. "मला वाटायचं, मावशीचं बोट देवच ठिवायलाय. मंग तुमी ठिवलं. तवा कळलं, बोट कुनाचंबी आसतंय. ज्याला राग यील त्याचं." आणि मग, अगदी मनापासून, "तुमचे लई उपकार हायत, काकू."

मला हवं होतं ते सगळं झालं होतं. पोरगी जेवत होती. कोयता घेऊन नवऱ्याबरोबर निघाली होती. मी पेढे वाटायला हवे होते. मला इतका राग आला की कान तापले, आणि राग कुणावर धरावा तेही कळेना. मी तोंड फिरवून पीठ फडक्यात भरलं. पाट्यांत बसलेलंसुद्धा झाडून, शेवटच्या चिमटीपर्यंत त्यात घातलं.

तिची मुलगी पायरीवर उभी होती. आता चांगली मोठी झाली होती, आईच्या कमरेपर्यंत आलेली. वर्षभर आईचं ताट सरकवायची तयारी करून बसलेली ती हीच पोरगी, हे आठवलं आणि मला भरून आलं. तिच्या गालाला हात लावावा म्हणून मी खाली वाकले.

तिनं माझ्या पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटाकडं बघितलं आणि ती एक पायरी खाली उतरली.

"म्या कायबी केलं न्हाई, आजी," ती म्हणाली, आणि आईच्या मागं जाऊन उभी राहिली.